बंद घड्याळाची साक्ष

१

रविवारी सकाळी दहा वाजता ताईने वडिलांच्या मेजाचा वरचा खण ओढला. आत टाचण्यांची डबी होती, सुकलेलं पेन होतं, चष्म्याचं रिकामं घर होतं. कागद तेवढा नव्हता.

तिने खण बाहेर काढून उपडा केला. खालचे दोन खण चाचपले. मग ती तशीच अनवाणी रस्ता ओलांडून समोरच्या घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, मी रस्त्यावर आले."

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "निदान चपला घालून यायचं. बस. पाणी पी. मग पहिल्यापासून सांग."

बाईंनी चाळीस वर्षं पहिली-दुसरीची मुलं शिकवली होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांना घड्याळ वाचायला, बुटाची नाडी बांधायला आणि खरं बोलायला त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना जमल्या होत्या.

ताईची गोष्ट त्यांना तशी ठाऊकच होती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ताईने सात वर्षं त्यांचं सगळं केलं आणि पोटासाठी शिवणयंत्र चालवलं. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात होता. तो दर महिन्याला फोनवर हळहळायचा. वडील शहाणे होते. जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला: घर दोघांचं, विकायचं तर विका, पण खालची मागची खोली ताईची. ती जिवंत असेपर्यंत तिथे राहील, आणि घर घेणाऱ्याने हे मान्य करूनच घ्यावं. खाली तिघांच्या सह्या. कागदाची दुसरी प्रत नव्हती. त्या कागदाच्या भरवशावरच ताईने विक्रीचे सगळे अधिकार भावाच्या नावे लिहून दिले होते.

"आज चार वाजता गिऱ्हाईक सही करणार आहे," ताई म्हणाली. "धाकटा दुपारी येतोय. कागद नसेल तर सात दिवसांत मला खोली रिकामी करावी लागेल. बाई, मी जाऊ कुठे?"

"शेवटचा पाहिलास कधी?"

"परवा, शुक्रवारी संध्याकाळी. मेज वरून खाली आणलं, तेव्हा खण उघडून पाहिला होता. होता तिथेच."

बाईंनी चष्मा पुसला. "चल. आधी तुमच्या त्या नाटकाच्या पडद्यामागे काय आहे ते बघू."

२

नाटकच होतं ते. घर लवकर खपावं म्हणून दलालाने एक सजावटवाली आणली होती, आणि तिने चार दिवसांत त्या घरातून माणसं राहत असल्याची खूण पुसून काढली होती. भिंतीवरचे फोटो खोक्यात गेले होते. ताईचं शिवणयंत्र न्हाणीघरात चादरीखाली दडवलं होतं. वरच्या खोलीत हातभर आखूड पलंग आणून टाकला होता, म्हणजे खोली मोठी वाटावी. त्यावर झोपायचं तर माणसाला गुडघे घरी ठेवून यावं लागलं असतं. कपाटं मुद्दाम अर्धी रिकामी होती. स्वयंपाकघरात मंद आचेवर पाण्यात व्हॅनिलाचे थेंब सोडले होते. नुकताच केक भाजल्यासारखा वास घरभर पसरला होता, पण भट्टी गार होती. ओट्यावर काचेच्या भांड्यात लिंबं होती. बाईंनी एक दाबून पाहिलं. प्लॅस्टिक.

"दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं हास्य आहे या घराचं," त्या म्हणाल्या. "सगळे दात दिसतात, एकही स्वतःचा नाही."

पुढच्या खोलीच्या दारात त्या थांबल्या. समोरच्या भिंतीला मधोमध खिडकी. खिडकीच्या डावीकडे वडिलांचं मेज, त्याच्या वर एक गोल घड्याळ. उजवीकडे भाड्याचा सोफा आणि उंच दिवा. सोफ्यावरच्या प्रत्येक उशीला वरून हाताचा फटका मारून मधे खळगा पाडला होता. म्हणे त्यामुळे उशी श्रीमंत दिसते.

"घड्याळ बंद आहे," बाई म्हणाल्या. त्यावर आकडे नव्हते, नुसते दोन काटे. आखूड काटा दहाच्या जरा पुढे, लांब काटा दोनवर. दहा वाजून दहा मिनिटं.

"तिने सेल काढलाय. टिकटिक ऐकून गिऱ्हाइकाला घाई वाटते म्हणाली. आणि काटे असे ठेवले की घड्याळ हसल्यासारखं दिसतं."

"घड्याळाने हसायचं, आणि त्याने वेळ सांगायची नाही. छान."

बाई वाकल्या. मेजाच्या चारही पायांशी फरशीवर खडूच्या खुणा होत्या. सोफ्याच्या पायांशीही. "या कसल्या?"

"वस्तू इंचभरही हलवायची नाही, हलली तर खुणेवर आणून ठेवायची. शुक्रवारी संध्याकाळी फोटो काढले तेव्हापासून सगळं जिथल्या तिथे आहे. बाई, मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतंय."

"पाहुण्याला निदान चहा तरी मिळतो."

इतक्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. दलाल आला होता, आणि मागोमाग सजावटवाली. दलालाच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. गुळगुळीत कागदावर पुढच्या खोलीचा भला मोठा रंगीत फोटो, आणि खाली 'आनंदाचा पत्ता' असं काहीबाही.

"ताई, नियम माहीत आहे ना?" तो गोड आवाजात म्हणाला. "अकराला गिऱ्हाइकं येतील. घरात घरचं माणूस दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं."

"घरचं माणूस बाहेर, आणि चोर आत," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघंही जरा माझ्याकडे या. तुमचा हाताखालचा माणूस दाखवेल घर. लिंबं दाखवायला दलालच लागतो असं नाही."

रस्ता ओलांडताना त्यांनी पत्रकावर नजर टाकली आणि भर रस्त्यात उभ्या राहिल्या. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी हलल्या नाहीत.

फोटोतलं घड्याळ दोनला दहा कमी दाखवत होतं.

३

"हे बघा मावशी," सजावटवाली बाईंच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसण्यापूर्वी ती झटकत म्हणाली, "मी कागद कशाला घेऊ?"

"मला भाची नाही. बाई म्हणा. तुम्ही घरातले सगळे कागद पोत्यात भरलेत असं ऐकलं."

"ते बाहेरचे! पावत्या, पत्रं, कसली कसली प्रमाणपत्रं. कागद म्हणजे कचरा. पण खणांना मी हात लावत नाही. खण फोटोत येत नाहीत."

"म्हणजे जे फोटोत येत नाही ते तुमच्या लेखी नसतंच."

"गिऱ्हाइकाच्या लेखी नसतं," ती अभिमानाने म्हणाली.

"काल दुपारी कुठे होतात?"

"दुसऱ्या घरी. तिथे हिरव्या भिंती होत्या, विचारू नका."

"नाही विचारत. घड्याळ सांगा. त्याचा सेल कधी काढलात?"

"शुक्रवारी, फोटोच्या आधी. काटे दहा वाजून दहावर. नेहमी तेच ठेवते मी."

"त्यानंतर कोणी हात लावला?"

"उंचावर आहे ते. शिडी लागते. आणि कोणी कशाला लावेल?"

बाई तिच्याकडे झुकल्या आणि अगदी हळू आवाजात एक प्रश्न विचारला. ताईला तो ऐकू आला नाही. सजावटवालीने खांदे उडवले.

"हो, करतो आम्ही तसं. माणसाची नजर डावीकडून आत शिरते. तिला आधी सोफा दिसायला हवा, मग मेज. सगळेच करतात. त्यात एवढं काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मात्र वर्गात मागच्या बाकावरून उत्तर आल्यावर चमकायचे तसे चमकले.

दलालाची पाळी आली तेव्हा तो घामाघूम होता.

"माणूस असलेलं घर म्हणजे खडा असलेला भात, असं तुम्हीच ताईला म्हणाला होतात ना?" बाईंनी विचारलं. "मग खडा काढायचा मोह झाला?"

"बाई, मी गमतीने बोललो! आणि कागद गेला काय, राहिला काय, माझी दलाली कुठे पळते? थोडी कमी होईल इतकंच."

"काल दुपारी ताईला तीन ते पाच बाहेर कुणी काढलं?"

"मीच. एक गिऱ्हाईक येणार होतं. आलंच नाही. साडेतीनपर्यंत वाट पाहिली, मग किल्ली डबीत टाकून गेलो." फाटकाला एक लोखंडी डबी लटकवली होती. चार आकडे जुळवले की ती उघडायची आणि आतली किल्ली हाती यायची.

"म्हणजे साडेतीन ते पाच घर रिकामं. ते आकडे कुणाकुणाला माहीत?"

"मला, या मॅडमना, ताईंना." तो जरा अडखळला. "आणि ताईंच्या भावाला. दोन्ही मालकांना कळवावंच लागतं. तीन ते पाच घरी कुणी थांबू नका, हेही दोघांनाच कळवलं होतं. पण ते तर तिकडे, पाच तासांवर!"

"असेल," बाई म्हणाल्या. "पाच तासांनी माणूस पोचतोच की कुठेतरी."

दारावर टकटक झाली. साडेबारा वाजले होते. धाकटा आला होता.

४

धाकटा उंच, देखणा, इस्त्रीचा सदरा. बाईंना मात्र तो दुसरीतलाच दिसला. वर्गात त्याला सगळे खोडरबर म्हणत. एक अक्षर लिहायचा आणि दोन खोडायचा. वहीची पानं घासून घासून पारदर्शक व्हायची. शिवाय डावं-उजवं त्याला कळायचं नाही. कवायतीला सगळा वर्ग एका दिशेला वळला की हा एकटा दुसऱ्या दिशेला. बाईंनी वर्षभर रोज पाच मिनिटं त्याला वेगळं उभं करून शिकवलं होतं. ज्या मुलाला उशिरा येतं त्याच्यावर जास्त जीव लावायचा, हा त्यांचा नेम.

"काय हे बाई," तो म्हणाला. "बसमधून उतरलो तर ताईचा फोन. मला तर काही सुचेना."

"जेवलास?"

"भूकच मेली." त्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, तू कुठेतरी ठेवून विसरली असशील. वय होतं. पण काळजी करू नकोस, तुला मी वाऱ्यावर सोडणार नाही. महिनाभर आमच्याकडे राहा."

"महिनाभर," ताई म्हणाली. "आणि मग?"

"मग बघू ना काहीतरी."

सात वर्षांच्या सेवेचा असा एका महिन्यात हिशेब होताना बाई ऐकत होत्या. त्यांना राग आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो.

"खोडरबर, घरात जाऊन आलास?"

"छे! सरळ इकडेच आलो. दोन महिन्यांत या गल्लीत पाऊल टाकलं नाही मी. मेज खाली आणलंय हेसुद्धा जाहिरातीतल्या फोटोत पाहिलं. हे काय, हाच फोटो." त्याने ओट्यावरच्या पत्रकाकडे बोट केलं.

बाईंनी पत्रक उचलून पालथं घातलं आणि त्यावर चहाची किटली ठेवली.

"मग तर उत्तमच. मला म्हातारीला या दोघांच्या बोलण्यातून काही उमगेना. हा म्हणतो वस्तू इथे, ही म्हणते तिथे. तेव्हा आता शाळा भरवू."

त्यांनी कपाटातून तीन कोरे कागद काढले आणि तीन पेन्सिली. दलाल, सजावटवाली आणि धाकटा, तिघांनाही मेजाभोवती एकेका बाजूला बसवलं.

"पुढच्या खोलीची समोरची भिंत काढा. दारात उभं राहिल्यावर दिसते तशी. मधोमध खिडकी. मेज, घड्याळ, सोफा, दिवा, हे चौघं जिथे असतील तिथे. चित्रकला बघणार नाही, जागा बघणार. शेजाऱ्याचं बघायचं नाही."

"बाई, ही काय गंमत!" धाकटा हसला. "मी तर नुसता फोटो पाहिलाय."

"तेवढं पुरे. फोटोत आहे तसं काढ."

पाच मिनिटं पेन्सिलींचा आवाज येत राहिला. सजावटवालीने दिव्याला सावलीसुद्धा दिली. दलालाचा सोफा बैलासारखा दिसत होता. धाकट्याने भराभरा चार रेघा ओढल्या आणि कागद पुढे सरकवला.

बाईंनी तो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिल्या.

"आज एकदाही खोडलं नाहीस," त्या म्हणाल्या.

धाकट्याचं हसू तसंच होतं, पण त्याने हात मेजाखाली घेतले.

५

बाईंनी तीनही चित्रं ओळीने मांडली. तिन्हींत मेज खिडकीच्या डावीकडे, घड्याळ मेजाच्या वर, सोफा आणि दिवा उजवीकडे.

"बघा," धाकटा म्हणाला. "सगळ्यांचं सारखंच आहे. मग?"

"तेच तर." बाईंनी किटली उचलली, पत्रक उलटं केलं आणि ताईसमोर धरलं. "ताई, तू वाच. मेज कुठे आहे?"

ताईने पाहिलं. डोळे मिटून पुन्हा पाहिलं. "उजवीकडे. अगं बाई! सगळंच उलटं आहे. सोफा डावीकडे."

"फोटो आरशात पाहिल्यासारखा उलटा छापलाय. मॅडमनी मघाशी कबूल केलं. गिऱ्हाइकाची नजर म्हणे डावीकडून शिरते, तिला आधी सोफा भेटायला हवा. घरातली माणसं काढली, वास खोटा भरला, आणि शेवटी घराचं डावं-उजवंही ठेवलं नाही."

"सगळेच करतात," सजावटवाली पुटपुटली.

"मला ते घड्याळाने सांगितलं. घरात दहा वाजून दहा, फोटोत दोनला दहा कमी. बंद घड्याळ दोन वेळा दाखवत नाही. पण दहा-दहाला आरसा दाखवला की दोनला दहा कमी होतात. दुसरीच्या मुलांना मी हा खेळ शिकवत असे. तेव्हाच लक्षात आलं, ज्याने खोली पाहिली तो एक चित्र काढेल, आणि ज्याने नुसता फोटो पाहिला तो दुसरं."

दलालाने आपल्या बैलाकडे पाहिलं, मग धाकट्याच्या कागदाकडे, आणि खुर्ची हळूच मागे सरकवली.

"हे दोघं खोलीत गेले होते, ते लपवतही नाहीत. त्यांची चित्रं सुलट असणारच. तू मात्र फक्त फोटो पाहिलास. मग तुझं मेज उजवीकडे हवं होतं. एक वस्तू चुकली असती तर म्हटलं असतं, पोरगं विसरलं. चारही वस्तू फोटोच्या उलट आणि घराशी सुलट. शुक्रवारी संध्याकाळपूर्वी मेज वरच्या मजल्यावर होतं. शनिवारी दुपारी दीड तास घर रिकामं होतं आणि तुला आकडे माहीत होते. बाबांचे कागद कुठल्या मेजात असतात हे तर तू लहानपणापासून जाणतोस."

धाकटा लाल झाला. "बाई, तुम्हीच सांगा, लहानपणापासून माझी डाव्या-उजव्यात गफलत होते! तुम्हाला माहीत आहे!"

"माहीत आहे ना. म्हणून तर तुला डावं की उजवं असं विचारलंच नाही. चित्र काढायला लावलं. डोळ्याला डावं-उजवं कळावं लागत नाही. जे पाहिलं ते तो दाखवतो."

समोरच्या घरातून गिऱ्हाइकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी वासाचं कौतुक करत होतं.

"माणूस आत आहे म्हटलं की कुणी घर घेत नाही," धाकटा शेवटी म्हणाला. तो मेजाशी बोलत होता. "वर्ष झालं घर विकायला काढून. मलाही संसार आहे."

"कागद," बाई म्हणाल्या. वर्गात लपवलेली गोटी मागून घ्यावी तसा त्यांनी हात पुढे केला.

त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. "फाडणारच होतो. बाबांचं अक्षर बघून हात धजला नाही."

"बाबांचं अक्षर दिसलं. त्याखाली स्वतःची सही नाही दिसली?" बाईंनी कागद ताईच्या हातात दिला. "धड चोरही झाला नाहीस. तेही अर्धवटच."

६

"पण चार वाजताचं गिऱ्हाईक पळेल आता," दलाल कळवळून म्हणाला.

"पळू दे. ज्याला केकच्या वासावर घर घ्यायचंय, त्याला केक मिळतो तिथे पाठवा."

ताई उठली. तिने बाईंच्या टेबलाच्या खणातून एक सेल मागून घेतला आणि चपला घालून रस्ता ओलांडला. बाई मागोमाग गेल्या. पुढच्या खोलीत एक जोडपं उशांच्या खळग्यांकडे आदराने बघत उभं होतं. ताईने शिडी आणली, घड्याळात सेल घातला, काटे फिरवले. सव्वा वाजला होता. मग तिने न्हाणीघरातून शिवणयंत्र ओढत आणलं. त्याची चाकं खडूच्या खुणांवरून फरफटत गेली. खिडकीखाली यंत्र लावून ती बसली.

"हे सगळं घराबरोबरच मिळतं का हो?" नवऱ्याने चाचरत विचारलं.

"सोफा जाईल," ताई म्हणाली. "लिंबं जातील. वास जाईल. मी राहीन. हा कागद वाचा, आणि पटत असेल तर बोला."

ते वाचायला बसले. सोफ्यावर बसताच उशीचा खळगा मोडला, आणि सजावटवालीने दारातून हाय खाल्ल्यासारखा आवाज काढला.

बाई परतल्या तेव्हा धाकटा अजून त्याच खुर्चीवर होता. तीच आपली शिक्षा आहे असं समजून बसला असावा.

"बाई, मी निघू?"

"विक्रीच्या अधिकाराचा कागद ताईला परत लिहून दे, आणि नीघ."

त्याने लिहून दिलं. तो दारापर्यंत गेला तेव्हा बाईंनी हाक मारली. ओट्यावरचं त्याचं चित्र त्यांनी पुढे ओढलं, डब्यातून लाल पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात ठळक अक्षरात लिहिलं. दहापैकी दहा.

"हे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "शाळेत तुला कधी मिळाले नव्हते."